वाढून ठेवलेले पान

सरकारी कार्यालयाचे संकेतस्थळ करायचे ठरले की फाईलवर पहिला प्रश्न खर्चाचा येतो आणि दुसरा मुदतीचा. तिसरा एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वाचकाने मागितलेले पान सर्व्हरने प्रत्येक वेळी नव्याने तयार करायचे, की आधी तयार करून ठेवलेले उचलून द्यायचे? हा प्रश्न तांत्रिक आहे असे समजून आपण तो पुरवठादारावर सोपवतो. पुरवठादार स्वतःच्या सोयीचे उत्तर देतो आणि ते पुढची पाच-सात वर्षे कार्यालयाला निस्तरावे लागते. गेल्या वीस वर्षांत बदल्यांच्या ओघात चार कार्यालयांच्या संकेतस्थळांची जबाबदारी माझ्याकडे आली. मी अभियंता नाही, अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, हा प्रश्न मुळात प्रशासनाचा आहे असे माझे मत झाले आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये आला. त्याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर एक कर्तव्य टाकले. कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णयाची पद्धत, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी अशा सतरा बाबी कोणी न मागता, आपण होऊन प्रसिद्ध करायच्या. त्यासाठी १२० दिवसांची मुदत होती आणि प्रसिद्धीच्या साधनांत इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख होता. तोवर बहुतेक कार्यालयांची संकेतस्थळे म्हणजे दारावरची पाटी होती. वर बोधचिन्ह, खाली वरिष्ठांचे छायाचित्र आणि एक सरकणारी ओळ. या कायद्याने पाटीची जागा दप्तराने घेतली. दप्तर म्हटले की ते नीट लावणे, वेळच्या वेळी भरणे आणि बदली होऊन जाताना दुसऱ्याच्या हाती देणे, हे सगळे आले.

आता सर्व्हरच्या बाजूला काय घडते ते थोडक्यात पाहू. मराठीत पान हा शब्द पुस्तकाचाही आहे आणि पंगतीचाही, त्यामुळे समजावणे सोपे जाते. एक पद्धत अशी की पाने आधीच वाढून ठेवलेली असतात. वाचक येतो, सर्व्हर तयार फाईल उचलून त्याच्यापुढे ठेवतो. दुसरी पद्धत अशी की वाचक आला की सर्व्हर स्वयंपाकघरात जातो, डेटाबेस नावाच्या कोठीतून जिन्नस काढतो, आज्ञावलीनुसार पान रांधतो आणि मग वाढतो. पुढचा वाचक तेच पान मागतो तेव्हा पुन्हा चूल पेटते. पहिल्या पद्धतीत सर्व्हरला फारशी अक्कल लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत बरीच लागते, आणि ती अक्कल कोणीतरी सतत राखावी लागते.

या दुसऱ्या पद्धतीचा इतिहास फार जुना नाही. १९९३ च्या सुमारास सीजीआय नावाचा संकेत रूढ झाला आणि सर्व्हरला बाहेरची आज्ञावली चालवून तिचे उत्तर पान म्हणून देता येऊ लागले. १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी आपल्या व्यक्तिगत पानासाठी केलेली छोटी साधने सर्वांना खुली केली. त्यांचे नावच ‘पर्सनल होम पेज’ असे होते, आणि तीच पुढे पीएचपी म्हणून जगभर पसरली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एएसपी आले. या दोन टोकांच्या मधे एक साधी, आज फारशी कोणाला आठवत नसलेली सोय होती : एसएसआय. त्यात पान साधेच राहते. फक्त ‘येथे शीर्षपट्टी आणून लाव’, ‘येथे तळटीप आणून लाव’ एवढीच सूचना त्यात लिहिलेली असते आणि सर्व्हर पान देताना तेवढी जोडणी करतो. वरण-भात वाढून ठेवलेला असतो, वाढताना वरून फक्त तूप घालायचे.

२००६ साली मी भुवनेश्वरला होतो. आमच्या कार्यालयात निवृत्तांच्या देण्यांची प्रकरणे निकाली निघत. महिन्याच्या अखेरीस निकाली प्रकरणांची यादी सूचनाफलकावर लागे. कोरापूट, कालाहंडी या भागांतले वृद्ध रात्रभर बसने प्रवास करून ती यादी पाहायला येत. आपला क्रमांक नाही हे पाहून त्याच संध्याकाळच्या बसने परत जात. म्हणून आमच्या संकेतस्थळाचा खरा उपयोग एकच होता. ही यादी कोरापूटच्या एखाद्या सायबर कॅफेत, संथ जोडणीवर, दहा रुपयांच्या आत पाहता आली पाहिजे.

तीन प्रस्ताव आले. पहिल्यात स्वतंत्र सर्व्हर, परवाना घेतलेला डेटाबेस, प्रत्येक निवृत्ताला प्रवेशनाम आणि परवलीचा शब्द, आणि क्रमांक टाकला की प्रकरणाची स्थिती दाखवणारी आज्ञावली होती. दुसऱ्यात सगळी पाने हाताने लिहिलेली साधी एचटीएमएल होती. तिसरा प्रस्ताव बाहेरून आलेला नव्हता. आमच्याच लेखाशाखेतल्या एका तरुण सहायकाने तो अर्ध्या पानाच्या टिपणीत मांडला होता : साधी पाने करावीत आणि शीर्षपट्टी, अनुक्रम व तळटीप एसएसआयने जोडावीत.

मी सूचनाफलकाची नोंदवही मागवली. आदल्या वर्षात ५२ सूचना लागल्या होत्या, म्हणजे सरासरी आठवड्याला एक. यादी महिन्यातून एकदाच बदलत होती आणि तीत साधारण सहाशे ओळी असत. म्हणजे तीस दिवसांत ज्या यादीतले एक अक्षरही बदलत नाही, तिच्यासाठी पहिला प्रस्ताव प्रत्येक वाचकागणिक डेटाबेसला प्रश्न विचारणार होता. क्रमांक शोधण्याची सोय हवी हे खरे, पण सहाशे ओळींत क्रमांक शोधायला ब्राउझरमधली शोधाची खिडकी पुरते. दुसऱ्या प्रस्तावाची अडचण निराळी होती. एकूण ३४ पाने होती. अनुक्रमात एक ओळ वाढवायची तर ३४ फाईली उघडायच्या, आणि त्यातली एखादी राहून जाणारच. तिसऱ्या प्रस्तावात तोच बदल एका फाईलीत होत होता.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या प्रस्तावाचा स्थिर खर्च मोठा होता, आणि एक बदल करण्याचा सीमांत खर्चही कमी नव्हता, कारण पुरवठादाराला बोलावल्याशिवाय पान हलणार नव्हते. दुसऱ्याचा स्थिर खर्च जवळजवळ शून्य, पण सीमांत खर्च पानांच्या संख्येबरोबर वाढणारा. तिसऱ्यात दोन्ही आटोक्यात होते. आम्ही तिसरा निवडला. वरिष्ठांना तो ‘आधुनिक’ वाटला नाही, हे फाईलवरच्या एका शेऱ्यावरून दिसते. मी उत्तरात सायबर कॅफेतले गणित लिहिले : यादीचे पान ४० किलोबाइटच्या आत आहे, डायल-अपवर ते दहा-पंधरा सेकंदांत उतरते. मंजुरी मिळाली.

पहिल्या तीन महिन्यांत फार फरक पडला नाही. मग हळूहळू कोरापूटकडून येणाऱ्यांत, क्रमांक यादीत पाहून उरलेली कागदपत्रे घेऊनच येणाऱ्यांचे प्रमाण वाढले. नुसती यादी पाहायला येणारे कमी झाले. संकेतस्थळाचे यश मोजायला मला त्यानंतर दुसरे माप कधी लागले नाही. किती लोक आले हे मोजण्यापेक्षा किती लोकांना यावे लागले नाही हे मोजावे.

याच्या उलट अनुभव २०१५ मध्ये दिल्लीत आला. शिष्यवृत्त्यांचे काम असलेल्या एका कार्यालयात मी रुजू होऊन आठ दिवस झाले होते. तेथले संकेतस्थळ दिसायला देखणे होते. सगळी पाने डेटाबेसमध्ये, वरती आशय-व्यवस्थापन प्रणाली आणि तिला जोडलेली वीसहून अधिक उपांगे. पुरवठादाराचे कंत्राट दीड वर्षापूर्वी संपले होते. प्रणालीची नवी आवृत्ती चढवण्याचे काम कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हते. एके सकाळी शोधयंत्रात कार्यालयाचे नाव टाकले तर खाली परदेशी औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. घुसखोराने पाने आतून बदलली होती. संकेतस्थळ बंद करावे लागले. साफसफाई, सुरक्षा-लेखापरीक्षण, पुन्हा मंजुरी, यात सात आठवडे गेले, आणि ते नेमके अर्ज भरण्याचे दिवस होते.

त्या दिवसांत देशभरातून दूरध्वनी येत. पाटीवरचे माझे आडनाव पाहून काही पालक थेट मराठीतच बोलू लागत. परमुलखातल्या सरकारी खोलीत अचानक आपली भाषा कानी पडली की बरे वाटते, पण त्या वेळी ती भाषा तक्रारीची होती. नांदेडकडचे एक गृहस्थ सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला आले. मुलीच्या अर्जासोबत जोडायच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना फक्त संकेतस्थळावर होता आणि संकेतस्थळ उघडत नव्हते. मी दोन पानांचा नमुना त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “साहेब, एवढ्यासाठीच आलो होतो. हे गावात मिळालं असतं तर दोन दिवसांची मजुरी बुडाली नसती.”

तो नमुना चार वर्षांत एकदाही बदललेला नव्हता. ज्या कागदाला स्वतः काहीच करायचे नव्हते तो एका गुंतागुंतीच्या यंत्राच्या पोटात ठेवला होता, म्हणून यंत्र आजारी पडल्यावर कागदही गेला. त्या गृहस्थांची गाडी सुटण्याच्या आत आम्ही एक निर्णय घेतला. नमुने, मुदती, पात्रतेचे नियम आणि संपर्क यांची पाच साधी पाने करून मंत्रालयाच्या सर्व्हरवर एका कोपऱ्यात ठेवायची. दोन दिवसांत ती उघडू लागली. त्या पानांत आज्ञावली नव्हती, त्यामुळे त्यांच्या तपासणीला वेळही लागला नाही. देखणे संकेतस्थळ परत यायला उरलेले आठवडे लागलेच, पण त्या काळात अर्ज थांबले नाहीत.

संकेतस्थळ परत आले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. हिंदीतील नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. कारण साधे होते. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ नेमणूक बरीच वर्षे लॅटिन लिपीची होती, युनिकोड ही मूळ नेमणूक झाली ती २०१८ च्या आठव्या आवृत्तीत. कोणी मुद्दाम सांगितले नाही तर देवनागरी अक्षर कोठीत शिरताना प्रश्नचिन्ह होऊन बसते, आणि एकदा प्रश्नचिन्ह झालेले अक्षर परत मिळत नाही. ती नावे आम्ही कागदी नोंदवहीतून पुन्हा भरली. साध्या फाईलीत युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर जसाच्या तसा राहतो. ज्यांची लिपी रोमन नाही त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

कोणी म्हणेल, हा निष्काळजीपणाचा दोष आहे, तंत्राचा नव्हे. ते अर्धेच खरे आहे. काळजी किती वेगाने घ्यावी लागते ते पाहावे. द्रुपल या नामांकित आणि मुक्त प्रणालीत १५ ऑक्टोबर २०१४ रोजी एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि तिची दुरुस्तीही त्याच वेळी देण्यात आली. दोन आठवड्यांनी त्या प्रकल्पाने प्रामाणिकपणे सांगितले की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती चढवली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ फुटले असेच धरून चालावे. ते सात तास भारतीय वेळेनुसार पहाटे साडेचारला संपत होते. महाराष्ट्रात त्याच दिवशी विधानसभेचे मतदान झाले होते आणि निम्मे प्रशासन मतदान यंत्रांच्या बंदोबस्तात होते. सात तासांत आमच्याकडे फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. जे यंत्र सात तासांत प्रतिसाद मागते ते चालवण्यासाठी सात तासांत प्रतिसाद देणारी माणसे हवीत. ती नसतील तर दोष माणसांना देऊन भागणार नाही. यंत्राची निवडच चुकली म्हणायचे.

म्हणजे सर्व्हरवर आज्ञावली नकोच असे मी म्हणत नाही. रेल्वेचे आरक्षण वाढून ठेवलेल्या पानांवर होणार नाही. माहितीचा अर्ज ऑनलाइन दाखल करण्याची केंद्र सरकारची सोय २०१३ मध्ये सुरू झाली, तीही नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र नाही. म्हणून मी प्रस्ताव आला की तीन प्रश्न विचारतो.

पहिला : एकाच वेळी आलेल्या दोन वाचकांना वेगवेगळे पान दिसणे आवश्यक आहे काय?

दुसरा : वाचक आपल्याला काही देणार आहे काय, आणि ते आपण साठवणार आहोत काय?

तिसरा : ही माहिती सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी असते काय?

तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर पाने आधी वाढून ठेवावीत. एखाद्याचे उत्तर ‘होय’ असेल तर तेवढ्याच भागासाठी स्वयंपाकघर उभारावे आणि बाकीची पाने त्याच्यापासून दूर ठेवावीत. माझ्या अनुभवात बहुतेक कार्यालयांच्या दहांपैकी नऊ पानांना तिन्ही वेळा ‘नाही’ हेच उत्तर येते.

साध्या पानांचीही एक उणीव आहे, ती लपवू नये. पान लिहिणाऱ्याला थोडे एचटीएमएल यावे लागते. भुवनेश्वरचा तो सहायक नसता तर आमची योजना फाईलीतच राहिली असती. यावर उपाय म्हणून साच्यांतून साधी पाने तयार करून देणारी साधने निघाली. २००१ मधील मूव्हेबल टाइप पाने आधीच तयार करून ठेवत असे. २००८ मध्ये जेकिल आले, २०१३ मध्ये ह्यूगो. तत्त्व उत्तम आहे : स्वयंपाक कार्यालयात एकदाच करायचा, सर्व्हरकडे फक्त वाढायचे काम. पण यातली बहुतेक साधने काळ्या पडद्यावर आज्ञा टंकित करून चालवावी लागतात, आणि आवक-जावक विभागातील लिपिकाला ते सांगणे व्यवहार्य नाही. जेथे मजकूर भरणारे हात अनेक आहेत आणि ते दर वर्षी बदलतात, तेथे भरण्यासाठी पडद्यावर चौकटी देणारी प्रणाली लागतेच.

मग ती प्रणाली प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्रपणे का सांभाळावी? येथे जुना प्रश्न येतो : वस्तू स्वतः करावी की बाहेरून घ्यावी. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले होते की याचे उत्तर उत्पादनखर्चावर जितके अवलंबून असते तितकेच व्यवहाराच्या खर्चावर असते. शंभर कार्यालयांनी शंभर पुरवठादारांशी शंभर करार करण्यापेक्षा एका जाणत्या संस्थेने सुरक्षा आणि अद्ययावतीकरण सांभाळावे, कार्यालयांनी फक्त मजकूर सांभाळावा, हे स्वस्त आणि सुरक्षित पडते. १९७६ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एस-थ्री-वास ही सामायिक सेवा याच विचाराने उभारली, आणि देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे आज तिच्यावर आहेत. संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वेही २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. लहान कार्यालयाला आज स्वतःची प्रणाली विकत घेण्याचे कारण क्वचितच उरले आहे.

हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते संस्थांमधील निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासासाठी. माणसे सर्वोत्तम पर्याय शोधत नाहीत, पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतात, हा त्यांचा सिद्धांत. निविदांच्या जगात आपण उलट करतो. तांत्रिक तपशिलात सर्वोत्तमाची यादी करतो आणि दराच्या पाकिटात सर्वांत स्वस्ताला निवडतो. दोन्हींच्या मधे ‘पुरेसे’ काय, हा प्रश्न हरवतो.

पुरेसे म्हणजे काय, याची माझी कसोटी बदलीवरून ठरली. अधिकारी एका जागी साधारण तीन वर्षे असतो. तंत्रज्ञानाचेही आयुष्य मोजके : पीएचपीच्या ५.६ आवृत्तीचा सुरक्षा-आधार २०१८ च्या अखेरीस संपला, ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्ये. एकेकाळी ज्याच्यावर सरकारी संकेतस्थळांची बटणे नाचत होती ते फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले. २००६ मधील साधे एचटीएमएल पान मात्र आजच्या मोबाइलवरही उघडते. अक्षरे बारीक दिसतात, पण वाचता येतात.

म्हणून कार्यभार सोपवताना संकेतस्थळाविषयी मी एकच कागद लिहितो. पाने कोठे आहेत, ती कोण बदलू शकते, नाव-नोंदणीचे नूतनीकरण केव्हा आहे, प्रत कोठे ठेवली आहे. हे सगळे एका कागदावर मावले नाही, तर व्यवस्था कार्यालयाच्या आवाक्यापेक्षा मोठी झाली असे समजून मी आधी ती लहान करतो. भुवनेश्वरचा कागद पाऊण पानाचा होता. माझ्यानंतर तेथे तीन अधिकारी आले, पुढे ते संकेतस्थळ वरिष्ठ कार्यालयाच्या पोर्टलमध्ये विलीन झाले. तोवर दर महिन्याची यादी लागत राहिली. तो तरुण सहायकही मधेच बदलून गेला होता, आणि त्याच्या जागी आलेल्या लिपिकाने ते काम एका दुपारी शिकून घेतले, असे मला नंतर कळले.